मारकुट्या, हट्टी मुलांसोबत काम करायचंय, काउन्सेलरने नेमकं कुठलं ट्रेनिंग घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की एमए सायकॉलॉजी झालंय, शाळेत काउन्सेलर म्हणून नुकत्याच लागला आहात, मारामारी करणारी, वस्तू फेकणारी, बाईंना उलट बोलणारी मुलं तुमच्याकडे पाठवतात, आणि 'चाइल्ड बिहेवियर थेरपी' असा दोन वीकेंडचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स दिसलाय तो करू का. मी पुण्यात लहान मुलं आणि त्यांच्या पालकांसोबत काम करते, नवीन थेरपिस्टना सुपरव्हिजनही देते, म्हणजे त्यांच्या केसेसचं काम बघून मार्गदर्शन करते, त्यामुळे स्पष्टच सांगते. पैसे भरायच्या आधी त्या लोकांना एकच विचारा, मी खरी केस घेईन तेव्हा माझं काम कोण बघणार? "रेकॉर्डेड लेक्चर्स आहेत आणि शेवटी एमसीक्यू टेस्ट" असं उत्तर आलं तर पैसे ठेवा बाजूला, ते पुढे सुपरव्हिजनला लागणार आहेत.

हे मी नुसतं अनुभवावरून बोलत नाहीये. २००४ मध्ये अमेरिकेत विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या लोकांना एक पद्धत शिकवून बघितली होती, एका गटाला फक्त पुस्तक आणि व्हिडिओ, एकाला वर्कशॉप, एकाला वर्कशॉप आणि नंतर त्यांच्या सेशनवर फीडबॅक, एकाला वर्कशॉप आणि फोनवर कोचिंग, आणि एकाला सगळंच. नुसतं वर्कशॉप केलेल्यांचं कौशल्य थोडं वाढलं पण टिकलं नाही, नंतर फीडबॅक किंवा कोचिंग मिळालेल्यांचं टिकलं. मुलांच्या थेरपीत तर हे जास्तच लागू पडतं, कारण समोर एकटं मूल नसतं, आई असते, बाबा असतात, बऱ्याचदा आजी असते, आणि सगळे एकाच वेळी बोलत असतात.

आता मुख्य गोष्ट. दोन ते साधारण दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा राग, मारणं, न ऐकणं यावर सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो पालकांना शिकवण्याच्या पद्धतींचा. मुलाला आठवड्यातून एकदा तुमच्या खोलीत बसवून चित्रं काढून घेतली, "राग आला की दहा आकडे मोज" सांगितलं, एवढ्याने घरातलं काही हलत नाही. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरात बसून निरीक्षणं केली आणि एक चक्र दाखवलं: आई काहीतरी सांगते, मूल किंचाळतं, आई थकून सोडून देते, किंचाळणं थांबतं. मूल शिकतं की किंचाळलं की सुटका होते आणि आई शिकते की सोडून दिलं की शांतता मिळते, दोघंही एकमेकांना तेच परत परत शिकवत राहतात. म्हणून ट्रेनिंग निवडताना ते मोठ्या माणसांसोबत काम करायला शिकवतं का हे बघा. वेबस्टर-स्ट्रॅटन यांचं 'इन्क्रेडिबल इयर्स', ऑस्ट्रेलियातलं 'ट्रिपल पी', शीला आयबर्ग यांची पॅरेंट चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी म्हणजे पीसीआयटी, सगळी याच घराण्यातली.

पीसीआयटीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चांगलं ट्रेनिंग कसं असतं ते त्यात स्पष्ट दिसतं. वय साधारण दोन ते सात. पालक मुलाशी खेळतात, थेरपिस्ट आरशामागून किंवा व्हिडिओवरून बघते आणि पालकांच्या कानातल्या इअरफोनमधून त्या क्षणी सांगत राहते. पहिल्या टप्प्यात पाच मिनिटांच्या खेळात पालकांकडून दहा वेळा नेमकं कौतुक, दहा वेळा मुलाचं बोलणं परत म्हणणं, दहा वेळा मूल काय करतंय त्याचं वर्णन यायला हवं, आणि प्रश्न, हुकूम, टीका मिळून तीनच्या वर नको. हे जमल्याशिवाय शिस्तीच्या टप्प्यावर जायचंच नाही. आणि थेरपिस्टचं ट्रेनिंग कसं, तर सुरुवातीला ४० तास, मग दोन केसेस शेवटपर्यंत नेणं आणि त्या काळात ट्रेनरकडून नियमित कन्सल्टेशन. म्हणजे सर्टिफिकेट मिळतं ते केस पूर्ण झाल्यावर, लेक्चर संपल्यावर नाही.

आपल्याकडच्या घरात हे करताना कशी अडचण येते ते पुस्तकात नसतं. आईला सांगा "फक्त खेळा", की ती लगेच सुरू होते, "हा कुठला रंग? हे किती झाले? हत्तीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?" पाच मिनिटांत वीस प्रश्न, खेळाची तोंडी परीक्षा होऊन जाते. कौतुक म्हणाल तर "शाब्बास, गुड बॉय" इथे थांबतं, मुलाला कळतच नाही काय चांगलं केलं, त्याऐवजी "ब्लॉक खाली पडला तरी तू फेकाफेकी केली नाहीस, परत रचलास, मला आवडलं" असं पूर्ण वाक्य तिच्या तोंडून यायला कोचिंग लागतं, आणि पहिल्यांदा ते म्हणताना ती अक्षरशः लाजते. मग आजी असतात, "तोंडावर एवढं कौतुक केलं की पोर शेफारतं." त्यांच्याशी वाद घालायचा नाही. मी त्यांना कौतुकाचं सांगतच नाही आधी, वर्णनाचं काम देते, कारण मटार सोलता सोलता "आता बाळाने गाडी काढली, आता गाडी चालली मंडईत" हे आज्या आयुष्यभर करत आल्यात आणि कुठल्याही तरुण थेरपिस्टपेक्षा छान करतात, तिथून कौतुक आपोआप सुरू होतं. हे असलं तुम्हाला लेक्चरमध्ये कोणी शिकवणार नाही, शेजारी बसलेली सुपरव्हायझर शिकवते.

तसंच सूचना देण्याचं. "खेळणी आवरायची का आपण?" असं विचारलं आणि मूल "नाही" म्हणालं तर त्याने प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दिलंय, तो उद्धटपणा नाही. "लाल गाडी टोपलीत ठेव" असं एक, नेमकं, शांत आवाजात सांगायचं आणि पाच सेकंद गप्प राहायचं. ते पाच सेकंद पालकांना अजिबात सहन होत नाहीत, तिथेच कोच लागतो.

टाइम आउट मात्र अर्धवट शिकून कुणाला सांगू नका, कळकळीने सांगते. आपल्याकडे टाइम आउट म्हटलं की बाथरूममध्ये कोंडणं, अंधाऱ्या खोलीत उभं करणं, दाराबाहेर काढणं असा अर्थ घरात पोचतो आणि मग पालक म्हणतात मॅडमनीच सांगितलं. पीसीआयटीत तो खुर्चीवरचा तीन मिनिटांचा, शेवटी पाच सेकंद शांतता, ठरलेल्या शब्दांत आधी इशारा, आणि पहिल्यांदा थेरपिस्टच्या समोर असा असतो, आणि त्याआधी खेळातून नातं सुधारलेलं असतं. शिवाय हट्टाकडे दुर्लक्ष करायला लागलं की आधी तेच वागणं वाढतं, ओरडणं चढतं, आणि तेव्हाच आई हरली तर मूल शिकतं की अजून जोरात ओरडायचं. पालकांना हे आधी सांगितलं नसेल तर तिसऱ्या दिवशी फोन येतो की तुमच्या थेरपीने बिघडला.

शाळेत असाल तर असेसमेंटवर जास्त जोर द्या. वर्तनाच्या आधी काय झालं, वर्तन काय, नंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं, हे आठवडाभर बाईंकडून लिहून घ्या. फक्त मराठीच्या वाचनाच्या तासाला बाक आपटणारा मुलगा हट्टी नसतो, त्याला वाचता येत नसतं, वर्गाबाहेर काढलं की त्याची सुटकाच होते. कमी ऐकू येणं, बोलण्यातला उशीर, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), ऑटिझम, झोप, घरातली मारहाण, शाळेतलं चिडवणं, हे तपासायला शिकवत नाही ते ट्रेनिंग वर्तनाचं नाहीच. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायदा २०१२, कलम १९, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, प्रिन्सिपल काहीही म्हणोत. याची तयारी आधी हवी, केस आल्यावर शोधाशोध नको.

आठवी-नववीच्या मुलांबद्दल एकच. "सगळ्या भांडखोर मुलांचा एक ग्रुप करा आणि सेशन घ्या" असं शाळा हमखास सांगते. करू नका. टॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं की अशी मुलं एकत्र बसवली की काही वेळा ती एकमेकांना हसून दाद देतात आणि वर्तन आणखी बिघडतं. त्या वयात घर, शाळा, मित्र सगळीकडे काम करणाऱ्या पद्धती लागतात आणि ते एकट्या काउन्सेलरचं काम नव्हे.

आता इथे काय मिळेल. तुमच्या एमएवर तुम्ही स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवू शकत नाही, त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते, तिकडे जायचं असेल तर तो वेगळा, पूर्णवेळ रस्ता. मुंबईतल्या 'उमीद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर'ची मानसिक आरोग्याची ट्रेनिंग्ज आहेत, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतल्या बाल आणि किशोर मानसोपचार विभागाचं 'संवाद' उपक्रमातलं साहित्य मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी फार उपयोगी आहे. पीसीआयटी, ट्रिपल पी वगैरेंचं अधिकृत ट्रेनिंग महाग पडतं, लगेच कर्ज काढून करू नका. त्याऐवजी आसपासच्या अनुभवी बाल मानसशास्त्रज्ञाकडे पंधरा दिवसांतून एकदा पैसे देऊन सुपरव्हिजन लावा, दोघी-तिघी मिळून ग्रुपमध्ये घेतलंत तर परवडतं. फक्त तिथे "केस अशी अशी आहे" एवढं सांगून सल्ला घेऊ नका, पालकांची लेखी परवानगी घेऊन रेकॉर्डिंग न्या, कारण आपण काय बोललो आणि आपल्याला काय बोलल्यासारखं वाटतं यात फार फरक असतो.

सुरुवात या महिन्यातच करता येईल. पहिली-दुसरीतल्या एखाद्या मुलाच्या तयार असलेल्या आईला बोलवा, पाच मिनिटं खेळू द्या, परवानगी असेल तर रेकॉर्ड करा, आणि नंतर कागदावर फक्त मोजा, प्रश्न किती, हुकूम किती, नेमकं कौतुक किती. तो कागद आणि ती क्लिप घेऊन सुपरव्हायझरकडे जा. कोणाकडे जायचं ते सापडत नसेल तर तुमचं शहर खाली कॉमेंटमध्ये लिहा, माझ्या ओळखीत कोणी असेल तर विचारून सांगते.