स्टोव्हवर खापर फोडणं सोपं आहे

मराठवाड्यात भाजून मरणाऱ्यांत तरुण बायकाच जास्त का, आणि घरोघरी गॅस आल्यावर हे थांबायला नको होतं का, असं तुम्ही विचारलंय. चूल, रॉकेल, नायलॉनची साडी ही कारणं खोटी नाहीत. पण तेवढंच असतं तर म्हाताऱ्या बायकाही तितक्याच भाजल्या असत्या, जन्मभर चूल त्यांनीही फुंकलीय. २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की २००१ या एका वर्षात देशात आगीनं सुमारे १ लाख ६३ हजार माणसं मेली. त्यात १ लाख ६ हजार बायका, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. हे वय नव्यानं नांदायला गेलेल्या पोरींचं आहे.

माझी चुलत बहीण बीड जिल्ह्यात दिलेली. लग्नाला तिसरं वर्ष. जीपमध्ये टाकून आणली तेव्हा अंगभर टूथपेस्ट फासलेली, पाणी कुणी घातलं नव्हतं. वॉर्डात तिच्यावर चादरसुद्धा टाकता येत नव्हती. नायब तहसीलदार जबाब घ्यायला यायच्या आधी सासू उशाशी बसून होती, मांडीवर बहिणीचा वर्षाचा पोरगा. जबाबात आलं, "स्टोव्हचा भडका उडाला." मी पाणी पाजायला वाकले तर केसांना मुळापर्यंत रॉकेलचा वास. पंचनाम्यात स्टोव्ह आला, टाकी जशीच्या तशी, कुठं फुटल्याची खूण नाही. आठवडाभरात सेप्टिक होऊन ती गेली.

आमचे थोरले चुलते आजही म्हणतात, "पोरीनंच सांगितलं ना, मग संपलं." संपलं कसं? लेकरू ज्यांच्या हातात आहे त्यांच्या विरोधात मरणारी आई बोलेल? जबाबाच्या वेळी सासर-माहेरचं एकही माणूस खोलीत नको. डॉक्टरनं ती शुद्धीवर असल्याचं लिहून द्यावं आणि सगळ्यांना बाहेर काढावं. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाई अशी गेली की दंडाधिकाऱ्यानं चौकशी करायचीच असते. १९८६ पासून दंड संहितेत हुंडाबळीचं ३०४ ब कलम होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ८० झालं. शिक्षा किमान सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत. पण जबाबात स्टोव्ह आला की कलम कागदावरच राहतं.

गॅसमुळे अपघात कमी होतील, सासुरवास नाही होणार. सगळे मृत्यू असेच असतात असं मी म्हणत नाही. खरे भडकेही उडतात, पुरुष शेतात डीपीवर करंट लागून जातात. निम्म्याहून जास्त अंग भाजलेलं माणूस आपल्याकडं क्वचितच वाचतं, आणि तालुक्याहून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. कुणीही भाजलं तर पहिली वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, दुसरं काही फासू नका.

पंचमीला ती माहेरी आली होती. परत जायचं नाही म्हणून आईच्या गळ्यात पडून रडली. चुलत्यांनी ज्वारीचं पोतं सोबत देऊन तिला स्वतः एसटीत बसवलं. तुमच्या घरात कुणी पोरगी असं म्हणत असेल तर तिला ठेवून घ्या, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, पोलिसांत जा. दिलेला हुंडा बुडेल म्हणून तिला परत पाठवू नका. आमच्या चुलत्यांनी तेव्हा हेच कारण दिलं होतं.