विमान आवडतं, पण कायदा आवडेल का?

खारघरहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्सला. पायलट व्हायचं होतं, पण डोळ्यांच्या तपासणीत रंग ओळखण्यात दोष निघाला. आता तो रात्री मोबाइलवर विमानांचे मार्ग बघत बसतो आणि म्हणतो, 'मी हवाई कायदा शिकतो.' वडील चिडलेत: काळा कोटच घालायचा होता, तर क्लासची फी कशाला भरली?

ताई, आधी वडिलांचं. पाच वर्षांच्या लॉ सीईटीला कुठल्याही शाखेची बारावी चालते. भांडण इथेच मिटवा.

मुलाचं मात्र जरा सावकाश बघू. उलव्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून पोरं माना वर करूनच चालतात, मीही त्यातलीच. पण विमानाचं वेड वेगळं आणि कायद्याचं वेगळं. एप्रिल २०२५ पासून आपल्या विमानांना पाकिस्तानवरून जाता येत नाही, म्हणून युरोपची विमानं वळसा घालून जाताना त्याला दिसत असतील. त्याला विचारा, 'हा वळसा कोणत्या कलमामुळे?' उत्तर नागरी विमान वाहतुकीच्या १९४४ च्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात आहे, एका वाक्यात: आपल्या भूभागावरच्या हवाई क्षेत्रावर प्रत्येक देशाची संपूर्ण आणि अनन्य सत्ता. भूभागात किनाऱ्यालगतचा सागरी पट्टाही येतो. सहावं कलम सांगतं की ठरलेल्या वेळापत्रकाच्या विमानाला दुसऱ्या देशावरून जायलासुद्धा परवानगी लागते.

हे वाचून 'बस, एवढंच?' म्हणाला, तर त्याला १९७१ ची गोष्ट सांगा. जानेवारीत 'गंगा' नावाचं आपलं विमान पळवून लाहोरला नेलं आणि तिथे जाळलं. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून बंदी घातली. तेव्हा बांगलादेश व्हायचा होता. पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला जायला त्यांना श्रीलंकेला वळसा पडू लागला. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेकडे गेला. भारत म्हणाला, परिषदेला हे ऐकायचा अधिकारच नाही. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोहोचलं आणि ऑगस्ट १९७२ मध्ये निकाल आपल्या विरुद्ध लागला: परिषदेला अधिकार आहे. बंदी योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्या निकालात नव्हताच!

आता गृहपाठ. या खटल्यावर त्याने एक पान भारताच्या बाजूने लिहावं आणि एक पाकिस्तानच्या. दुसरं पान लिहिताना नुसताच राग आला, तर वकिली त्याची नाही. त्यातही मजा वाटली, तर मुलगा कामाचा आहे.

पोट भरेल का, हेही विचारलंत. खरं सांगते, देशांच्या आकाशाची भांडणं फार थोड्या वकिलांच्या वाट्याला येतात. ती बहुतेक सरकारं आणि राजदूत बघतात. रोजचं काम असतं भाडेकराराचं. आपल्या कंपन्यांची बरीचशी विमानं परदेशी मालकांकडून भाड्याने घेतलेली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा त्या मालकांना स्वतःची विमानं परत घ्यायला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं; मार्ग एप्रिल २०२४ मध्ये मोकळा झाला. त्यानंतर २०२५ मध्ये संसदेने मालकांच्या हक्कांसाठी वेगळा कायदाच केला. असे करार वाचणारे लोक मुंबईत, दिल्लीत, गुजरातच्या गिफ्ट सिटीत लागतात. शिवाय विमा, प्रवाशांची भरपाई, विमान कंपन्यांचे विधी विभाग.

म्हणून सतराव्या वर्षी 'हवाई कायदा' अशी पाटी लावू नका. आधी साधी, चांगली लॉ डिग्री. सीईटीबरोबर क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षाही द्यावी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हवाई कायद्याच्या मूट कोर्ट (खोट्या खटल्याच्या) स्पर्धेत उतरावं, सुट्टीत एखाद्या फर्ममध्ये इंटर्नशिप करावी. लायडन, मॉन्ट्रियल वगैरे पदव्युत्तरची नावं तो तुम्हाला ऐकवेलच. त्या खर्चाचा विचार पाच वर्षांनी.

दोन पानं झाली की मला पाठवा. आणि प्रॅक्टिकल बुडवू नको म्हणावं, बारावीचे मार्क अजून लागणार आहेत.