युद्धातली काशाची तबकडी: पदक की ताम्रपट?

प्रश्न असा आला आहे: पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या सैनिकाच्या घरी इंग्रज सरकारने पाठवलेला काशाचा गोल, जड तुकडा असतो. त्याला मराठीत काय म्हणावे? पदक म्हणावे की ताम्रपट?

दोन्ही नकोत. पदक छातीवर लावायचे असते, त्याला फीत असते, अडकवायला कडी असते. हा तुकडा जवळजवळ 12 सेंटिमीटर व्यासाचा, त्याला ना कडी ना भोक. 'बिल्ला' याच कारणाने बाद. ताम्रपट म्हटले की राजाने दिलेली जमीन आठवते, नाहीतर 1972 साली स्वातंत्र्यसैनिकांना दिलेली ताम्रपत्रे. शिवाय हे तांबे नाहीच. तांब्यात कथील मिसळले की कासे होते आणि जस्त मिसळले की पितळ. घरोघरी याला सर्रास 'पितळी' म्हणतात, पण तळपाय चोळायच्या वाटीचा धातू तो हाच, कासे.

मी 'स्मृतितबकडी' सुचवतो. 'स्मृतिफलक' भिंतीचा, 'स्मृतिचिन्ह' सत्कार समारंभातले. 'चकती' पातळ वाटते. कडेला उंच कंगोरा असलेल्या या वस्तूला तबकडीच शोभते.

इंग्रजीतले रूढ नाव 'डेड मॅन्स पेनी', मेलेल्याची पेनी. तेव्हाच्या पेनी या ब्रिटिश नाण्यावर ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती, होती आणि हिच्यावरही ती आहे, हातात पुष्पचक्र घेऊन उभी, पायाशी सिंह. एडवर्ड कार्टर प्रेस्टन या लिव्हरपूलच्या शिल्पकाराने स्पर्धेत 800 हून अधिक आराखड्यांमधून बक्षीस मिळवले. अशा 13 लाखांहून अधिक तबकड्या ओतल्या गेल्या. चौकोनात मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत येते आणि हुद्दा मुद्दाम गाळलेला असतो. शिपाई असो की जनरल, तबकडी तीच. नोंद करताना 'हवालदार', 'सुभेदार' असे स्वतःहून जोडू नका. ती माहिती बाजूला वेगळी लिहा.

कडेच्या ओळीचा अर्थ 'तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला'. काहींना 'मेला' खुपतो आणि ते 'हुतात्मा झाला' लिहितात. मला ते पटत नाही. हुतात्मा म्हटले की आपल्याला स्वातंत्र्यलढा आठवतो, संयुक्त महाराष्ट्राचे 106 जण आठवतात. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पडलेला मराठा पलटणीचा जवान साम्राज्याच्या युद्धात मेला. त्याच्या मरणाची किंमत तेवढीच मोठी आहे, पण इतिहास वेगळा आहे. त्याच्यासाठी आपल्याकडे 'कामी आला' आहे, 'धारातीर्थी पडला' आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून त्या युद्धात 46 जण कामी आले. तिथे हेच शब्द शोभतात.

आणि तबकडी घरात असेल तर चिंच लावून घासू नका. काळसर थर निघून जातो, उठावाची बारीक अक्षरेही झिजतात.