लेकीने दोनदा विमान परत वर घेतलं

प्रश्न : माझी मुलगी वैमानिक व्हायला शिकते आहे. आता सेसना १७२ एकटी उडवते. परवा फोनवर म्हणाली, वारा फार होता, दोनदा खाली येऊन परत वर जावं लागलं, तिसऱ्यांदा उतरले. तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा नाही. तिला उतरवणं जमत नाही का? एवढंसं विमान वाऱ्याने उलटतं का?
– एक आई, नेरुळ

उत्तर : ताई, तिने दोनदा विमान वर घेतलं हे वाचून मला फार बरं वाटलं. मी बावीस वर्षं विमान उडवायला शिकवलं, आता ठाण्यात नौपाड्यात निवृत्त आहे. वाऱ्यात परत वर जाणारा विद्यार्थी दिसला की माझी काळजी कमी व्हायची.

वाशीच्या खाडीपुलावरून पावसाळ्यात दुचाकीवर गेला असाल तर आठवा. वारा आडवा येतो, आपण नकळत गाडी त्याच्याकडे कलती धरतो. शेजारी ट्रक आला की वारा एकदम तुटतो, गाडी ट्रककडे ओढली जाते. सावरतोय तोच ट्रक पुढे जातो आणि वारा पुन्हा आदळतो. धावपट्टीवर ट्रकचं काम झाडं, हँगर (विमानं ठेवायची शेड) नाहीतर जवळची टेकडी करते.

सेसना उतरताना साधारण ६५ नॉटने येते, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. पण पंखांना जमिनीवरचा वेग कळत नाही, हवेचा कळतो. समोरून येणारा १५ नॉटचा झोत अचानक थांबला तर ६५चे ५० होतात. उचल, म्हणजे पंख विमानाला वर धरतात तो जोर, वेगाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे जवळजवळ चाळीस टक्के उचल तिथल्या तिथे जाते. म्हणून आम्ही शिकवतो की वारा १२ आणि झोत २२ असेल, तर फरकाचा निम्मा, म्हणजे ५ नॉट, वेग जास्त ठेवायचा. आडव्या वाऱ्याचं म्हणाल, तर कंपनीने हे विमान १५ नॉटपर्यंत उतरवून दाखवलेलं आहे. शिकाऊ मुलांना शिक्षक त्याहून बरीच कमी मर्यादा घालून देतात.

उलटणं क्वचितच होतं. मोडतोड होते ती उसळीने. मी नवा शिक्षक असताना माझ्या विद्यार्थ्याचं विमान टेकता टेकता झोताने वर उचललं, मग धप्पकन आपटून उसळलं. त्याने घाबरून कंट्रोल पुढे ढकलला, म्हणजे विमानाचं नाक खाली केलं. नाकाचं चाक आधी टेकलं, दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी, तिसरीत ते चाक मुडपलं आणि प्रोपेलरची टोकं डांबरात घासून वाकली. इंजिन थांबल्यावर फक्त विंडसॉकची, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीची, फडफड ऐकू येत होती. आम्ही दोघं धडधाकट बाहेर आलो. पहिल्या उसळीनंतर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पूर्ण पुढे सारून वर जायला दोन सेकंद मिळाले होते. ते माझं काम होतं, आणि मी उशीर केला. ती दोन सेकंदं मला अजून आठवतात.

तुमच्या लेकीने ती दोन सेकंदं वापरली. दोनदा.

आज फोन कराल तेव्हा ‘उतरलीस ना नीट?’ एवढंच विचारू नका. वारा कुठून होता, किती फुटांवर असताना वर जायचं ठरवलंस, टेकल्यावर वाऱ्याकडचा पंख कसा दाबून धरलास, हे विचारा. ती तासभर बोलेल.