पहिलं व्हीएम लिहिताना: आधी कलेक्टर, मग वेग

स्वतःच्या भाषेतले प्रोग्रॅम चालवणारं पहिलं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) लिहिताना जेआयटीचा, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच मशीन कोड बनवण्याचा, विचार सध्या बाजूला ठेवा. स्टॅकवर चालणारं साधं बाइटकोड व्हीएम सी भाषेत लिहा; बाइटकोड म्हणजे कंपायलरने व्हीएमसाठी बनवलेल्या सूचना. त्या सूचना चालवणाऱ्या इंटरप्रिटरच्याही आधी बाइटकोड छापून दाखवणारा डिसअसेंब्लर लिहा. कंपायलरच्या बऱ्याच चुका तिथेच दिसतात.

खरा घाम गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा भाग, काढतो. दोन स्ट्रिंग जोडताना त्या आधीच स्टॅकवरून काढल्या आणि मग नव्या स्ट्रिंगसाठी मेमरी मागितली, तर नेमकं तेव्हाच कलेक्शन सुरू होऊन त्या दोन्ही मोकळ्या होऊ शकतात. क्रॅश मात्र भलतीकडेच होतो! म्हणून त्या स्टॅकवरच राहू द्या, निकाल तयार झाल्यावर काढा. डीबग बिल्डमध्ये प्रत्येक अ‍ॅलोकेशनला कलेक्शन चालवा, सोबत अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावा. प्रोग्रॅम रांगेल, पण चूक जागेवर सापडेल. स्टॅक वाढवताना मेमरीचा आकार बदलणाऱ्या रिअ‍ॅलॉकने जागा बदलली, तर स्टॅकमधल्या जागा दाखवणारे सगळे पॉइंटर नव्याने लावावे लागतात.

वेगासाठी आधी लिनक्सवर पर्फ या वेग तपासणाऱ्या साधनाने मोजा. ग्लोबल नावं दरवेळी हॅश टेबलात शोधण्यापेक्षा कंपाइल करतानाच त्यांना क्रमांक द्या. त्यानंतर नॅन-बॉक्सिंग, म्हणजे ‘नॅन’ (‘संख्या नाही’ असा दशांश मूल्याचा प्रकार) मधल्या मोकळ्या बिटांत इतर व्हॅल्यू ठेवणं: ६४-बिट मशीनवर प्रकार सांगणाऱ्या टॅगसह १६ बाइट घेणारी व्हॅल्यू ८ बाइटांत मावते. लुआ या भाषेच्या ५.० आवृत्तीने २००३ मध्ये स्टॅकऐवजी रजिस्टर पद्धत (क्रमांक दिलेल्या जागांवर थेट काम) घेतली खरी, पण त्यात रजिस्टर वाटपाचं काम कंपायलरवर येतं. पहिल्या व्हीएमसाठी ते टाळा.