७८ वर्षांच्या आई घरातच दोनदा पडल्या. त्या पुन्हा पडू नयेत म्हणून काय करावे?

आपण लिहिले आहे की आईंचे वय ७८ आहे, गेल्या सहा महिन्यांत त्या घरातल्या घरात दोनदा पडल्या, सुदैवाने हाड मोडले नाही. त्यानंतर आपण न्हाणीघरात न घसरणारी चटई टाकली आणि ‘शक्यतो एका जागी बसून राहा, काही लागले तर हाक मारा’ असे त्यांना बजावले. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि वृद्धांच्या घरी जाऊन त्यांना व्यायाम शिकवते. चटई टाकलीत हे चांगले केले. बसून राहण्याची सूचना मात्र कृपया आजच मागे घ्या. त्यामागचे कारण आधी सांगते.

चालताना ठेच लहानमोठ्या सगळ्यांनाच लागते. तरुण माणूस ठेचकाळला की त्याचे दुसरे पाऊल क्षणार्धात पुढे पडते, त्या पायावर वजन तोलले जाते आणि तो सावरतो. वृद्ध माणूस पडतो तो बहुधा हे सावरणारे पाऊल वेळेत पडत नाही, किंवा पडले तरी मांडीला तो भार पेलवत नाही, म्हणून. दिवसभर खुर्चीत बसवून ठेवले की नेमकी हीच ताकद झपाट्याने कमी होते, आणि मग रात्री लघवीला म्हणून उठल्यावर, जेव्हा हाक मारायची बहुतेकांना भीड वाटते, आई आधीपेक्षा अधिक दुबळ्या पायांवर उभ्या असतात. पडण्याच्या भीतीने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने तोल बिघडतो आणि तोल बिघडल्याने पुन्हा पडणे होते. हे चक्र मी अनेक घरांत पाहिले आहे आणि ते बहुतेक वेळा घरच्यांच्या मायेपोटीच सुरू झालेले असते.

पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसे वर्षातून एकदा तरी पडतात. त्यामुळे ‘वय झाले, आता हे चालायचेच’ असे म्हणून विषय सोडून दिला जातो. पण सहा महिन्यांत दोनदा पडणे याला काहीतरी कारण असते आणि बऱ्याचदा एकाहून अधिक कारणे असतात. ती शोधायची तर आईंजवळ निवांत बसून, न रागावता विचारावे लागेल: दिवसाची कोणती वेळ होती, त्या उठत होत्या की वळत होत्या, पाय अडकला की डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि जमिनीवर आदळल्याचे त्यांना आठवते का? ‘न रागावता’ हे मुद्दाम लिहिले, कारण आपले हिंडणेफिरणे बंद होईल या धास्तीने वृद्ध माणसे निम्मी हकिकत लपवतात. आपण कसे पडलो हे त्यांना आठवतच नसेल, तर क्षणभर शुद्ध हरपली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी व्यायामाचा विचार नंतर करा आणि आधी हृदयाचे ठोके व रक्तदाब तपासून घ्या.

अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठताच तोल गेला असेल, तर डॉक्टरांना रक्तदाब दोन स्थितींत मोजायला सांगा. पाच मिनिटे आडवे पडून एकदा मोजायचा, मग उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर उभे राहताना मेंदूला रक्त कमी पोहोचते असा त्याचा अर्थ. नेहमीच्या तपासणीत रक्तदाब बसवूनच मोजतात, त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

यातूनच औषधांचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते घरातल्या फरशीपेक्षा आधी त्यांच्याकडे पाहिले पाहिजे. झोपेच्या गोळ्या, चिंता व नैराश्यावरची औषधे, रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी औषधे, पुरुषांत प्रोस्टेटसाठी दिलेली काही औषधे, इतकेच काय, सर्दी-खाजेवरच्या गुंगी आणणाऱ्या साध्या गोळ्यासुद्धा तोल बिघडवतात. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात झोपेच्या आणि मनावर परिणाम करणाऱ्या गोळ्या हळूहळू बंद केलेल्या वृद्धांमध्ये पडण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांनी घटले. मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांनी अभ्यास संपल्यावर गोळ्या पुन्हा सुरू केल्या, यावरून ही सवय सुटणे किती अवघड आहे तेही कळते. म्हणून आपल्या मनाने एकही गोळी एकाएकी थांबवू नका. आई घेत असलेली सगळी औषधे, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि यांतले कोणते कमी करता येईल असे स्पष्ट विचारा.

आता व्यायाम. २०१९ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. घरी राहणाऱ्या वृद्धांमध्ये व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे त्यात दिसले. हा व्यायाम तोलाचा आणि पायांच्या ताकदीचा हवा. नुसते सावकाश चालणे त्यासाठी पुरत नाही. न्यूझीलंडमधील ओटॅगो विद्यापीठात तयार झालेला कार्यक्रम याच तत्त्वावर आहे: आठवड्यातून तीनदा घोट्याला वजन बांधून पायांचे व्यायाम, सोबत तोलाचे व्यायाम, आणि त्यांना चालण्याची जोड.

आईंची ताकद किती उरली आहे हे आपल्याला घरीही पाहता येईल. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या मजबूत खुर्चीवर त्यांना बसवा, दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायला सांगा आणि तसेच उठून परत बसायला सांगा. आपण शेजारी उभे राहा. मी उठण्यापेक्षा बसण्याकडे अधिक लक्ष देते. उठताना माणूस अंग पुढे फेकून वेळ मारून नेतो, पण बसताना शेवटच्या वीतभर अंतरात मांड्या सोडून देतात आणि शरीर धपकन खुर्चीत पडते. आईंचे असे होत असेल, तर तोच त्यांचा पहिला व्यायाम समजा: मनात चार अंक मोजत सावकाश बसणे, क्षणभर थांबणे आणि पुन्हा उठणे. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल. याच्या जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणे, आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून उभे राहणे. आधार आधी दोन्ही हातांचा, काही दिवसांनी एका हाताचा, मग फक्त बोटांच्या टोकांचा, असा कमी करत जायचा. थोडे डगमगल्याशिवाय तोल सुधारत नाही. म्हणूनच हे करताना कुणीतरी जवळ असावे आणि पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावेत. व्यायाम थांबवला की मिळालेली ताकद पुन्हा ओसरते.

आणखी एक साधी चाचणी आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे मानतात. दर महिन्याला मोजून लिहून ठेवलेत तर फरक आपल्याला आणि आईंना, दोघांनाही दिसेल, आणि उत्साह टिकवायला त्याचा फार उपयोग होतो.

घराविषयी सांगायचे तर, मी नव्या घरी गेले की आधी भिंती पाहते. कमरेच्या वर, दाराच्या चौकटीवर आणि न्हाणीघराच्या वळणावर हाताचे मळकट डाग दिसतात. माणूस रोज नेमका कुठे आधार शोधतो, ते या डागांवरून त्याच्या स्वतःच्या सांगण्यापेक्षा अधिक खरे कळते. कठडे तिथेच बसवा, आणि ते पक्क्या भिंतीत खोल स्क्रूने बसवा. टॉवेलची दांडी आधारासाठी धरू देऊ नका. तोल गेल्यावर पडणारे वजन तिला सोसत नाही. पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट रात्री उजेडात राहील आणि दिव्याचे बटण झोपल्याजागी हाताला येईल असे करा. सुटे गालिचे आणि वाटेतल्या वायरी काढून टाका. नेहमी लागणाऱ्या वस्तू कंबर आणि खांद्याच्या मधल्या उंचीवर ठेवा. घरातील अशा बदलांचा कॉक्रेनचाच २०२३ चा आढावा सांगतो की, आधीच पडून गेलेल्या किंवा इतर कारणांनी जास्त धोका असलेल्या माणसांमध्ये पडण्याचे प्रमाण यामुळे ३८ टक्क्यांनी घटते, तर धडधाकट माणसांमध्ये फारसा फरक पडत नाही. आई पहिल्या गटात मोडतात, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका.

डोळ्यांचे थोडक्यात सांगते. एकाच काचेत लांबचे आणि जवळचे असे दोन्ही नंबर असले की खाली पाहताना वाचनाचा भाग डोळ्यांपुढे येतो आणि पायरीची कड धूसर दिसते. चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा बरा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेला उशीर नको. ब्रिटनमध्ये ७० वर्षांवरील स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत, पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झालेल्या स्त्रियांमध्ये पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळले. घरात नुसत्या मोज्यांवर चालणे टाळावे. पातळ, टणक तळव्याची आणि मागे टाच धरून ठेवणारी चप्पल किंवा बूट घालावेत. ड जीवनसत्त्व मात्र तपासणी न करता मोठ्या मात्रेत देऊ नका. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस दिलेल्या वृद्ध स्त्रिया इतरांपेक्षा अधिक पडल्या होत्या.

इतके करूनही आई पुन्हा पडू शकतात, म्हणून पडल्यावर उठायचे कसे, हे त्यांना आत्ताच शिकवा. घाई न करता आधी कुठे दुखते ते पाहायचे, कुशीवर वळायचे, हातांवर आणि गुडघ्यांवर यायचे, रांगत मजबूत खुर्चीपर्यंत जायचे, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, एक पाऊल पुढे टेकवून उठायचे आणि वळून बसायचे. उठता येत नसेल तर फोन हाताशी हवा, म्हणून तो गळ्यात किंवा खिशात ठेवण्याची सवय लावा. एका तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिल्यास शरीरातील पाणी कमी होते, त्वचेवर दाबाच्या जखमा होतात आणि स्नायूंची हानी मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकते. कंबरेच्या सांध्यात तीव्र वेदना असतील, एक पाय आखूड दिसत असेल किंवा पाऊल बाहेर वळलेले असेल, तर त्यांना उचलून उभे करू नका, रुग्णवाहिका बोलवा.

डोक्याला मार लागला असेल आणि आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर त्या ठीक दिसत असल्या तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कवटीच्या आत रक्त सावकाश साचू शकते आणि त्याची लक्षणे कित्येकदा काही आठवड्यांनी दिसतात. तोवर डोकेदुखी, वाढलेली झोप, बोलण्यातला गोंधळ किंवा एका बाजूची अशक्तता जाणवली, तर ‘मागे पडल्या होत्या’ ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.