मनाचा सल्ला

प्रश्न : वडील निवृत्त सैनिक. विसर्जनाच्या फटाक्यांनी दचकतात, रात्री ओरडत उठतात. डॉक्टर एडीएचडीही (लहानपणापासूनचा, लक्ष न टिकण्याचा आणि चंचलपणाचा विकार) तपासू म्हणतात. या वयात? (लालबाग)

उत्तर : हो, जरूर तपासा. पीटीएसडी (युद्धासारख्या भयंकर अनुभवानंतर मनावर राहणारा आघात) आणि एडीएचडी, दोन्हींत लक्ष टिकत नाही, चिडचिड होते. पण एडीएचडीची लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. म्हणून आत्या-काकांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारा, जुनं प्रगतिपुस्तक सापडलं तर न्या.

रात्री हलवून उठवू नका, अर्धवट झोपेत हात उगारला जातो. दिवा लावा, पायथ्याशी उभं राहून हाक मारा : ‘बाबा, लालबाग, आपलं घर.’ मिरवणुकीची वेळ आधी सांगून ठेवा. झोपेसाठी दारू नकोच, पहाटेची झोप आणखी मोडते. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मागा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर रात्रीही सुरू असते.